बिनआवाजाची क्लिप

१

कामशेतच्या सारिकाकडे उघडणार नाही अशी फाईल अजून जन्माला यायची होती. हे ती स्वतःच्याच तोंडाने सांगायची, आणि त्यात खोटं काढायची कुणाची छाती नव्हती. बाजारपेठेत भाताच्या गिरणीवर तिचा स्टुडिओ. खाली दिवसभर पट्टा फटफटत असायचा, वर सारिका आणि तिचा बोजड, काळा विंडोजवाला कॉम्प्युटर. लग्नं, बैलगाडा शर्यतींचे घाट, पवनेकाठच्या रिसॉर्टच्या जाहिराती, काय म्हणाल ते ती एडिट करायची. पण तिचं नाव झालं होतं वेगळ्याच कारणाने. मॅकवर केलेला व्हिडिओ विंडोजवर चालेना, फोनवरचा टीव्हीवर दिसेना, की लोक पार सोमाटण्याहून तिचा जिना चढायचे. फाईलचा फॉरमॅट बदलून, म्हणजे आतलं चित्र तेच ठेवून ते दुसऱ्या यंत्राला समजेल अशा रूपात आणून, ती त्यांच्या हातावर ठेवायची. वर ऐकवायची, "न्या आता. मिक्सरमध्ये घातलीत तरी चालेल."

त्या सकाळी ती रिसॉर्टचंच काम घेऊन बसली होती. रविवारी तिकोण्याच्या अंगाला ड्रोन उडवून तिने छान छान क्लिप आणल्या होत्या. ड्रोनच्या फाईली भलत्या जड. तिच्या कॉम्प्युटरवर त्या धाप लागल्यासारख्या अडखळत चालायच्या. म्हणून नेहमीच्या रिवाजाने तिने त्यांच्या हलक्या कॉपी काढायला लावल्या आणि चहा गाळायला उठली. हलक्या कॉपीवर काम करायचं आणि शेवटी मूळ फाईल तिच्या जागी बसवायची, हे या धंद्यात सगळेच करतात.

तेवढ्यात दारात गंगी उभी. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला जी ठाकरवाडी आहे तिथली ही बाई बाजाराच्या दिवशी गिरणीच्या पायऱ्यांवर रानभाजी घेऊन बसायची. सारिकाची आणि तिची घासाघीस ठरलेली. पण जिना चढून ती आजवर कधी वर आली नव्हती.

"ताई, ऐतवारी तुमचं ते उडतं यंत्र आमच्या डोंगरावर फिरत व्हतं ना?"

"हो मावशी. का?"

"आमचं मानूस ऐतवारी सकाळी मध काढाया गेलतं. अजून आलं न्हाई." गंगीचा आवाज सरळ होता, पण हातातला पदराचा पीळ सुटत नव्हता. "दीर माऊली धरनाच्या बाजूनं धुंडतोय. गडाच्या बाजूला शहरातनं शोधाया आलेली पोरं भोंगा घिऊन फिरत्यात. मला म्हनले, बाई, तू घरी बस. कशी बसू? तुमच्या यंत्रात कुटं दिसतंय का बगा की."

सारिकाने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि खुर्ची पुढे ओढली. रिसॉर्ट गेलं उडत.

२

बाकी क्लिपमध्ये नुसतं धरणाचं पाणी होतं. एकच क्लिप कामाची निघाली. त्यात तिने ड्रोन हवेत एका जागी टांगून ठेवला होता, डोंगराच्या उतरणीवरून ढगांच्या सावल्या सरकताना टिपायला. खाली गवत, मध्ये कारवीचं दाट रान, वर कातळ. सारिकाने हलकी कॉपी लावली आणि दोघी स्क्रीनला डोळे लावून बसल्या.

"त्ये काय हाय?" गंगीने बोट ठेवलं.

गवताच्या खालच्या काठाला एक हिरवट उभी रेघ होती. सारिकाने मोठं करून पाहिलं. चौकोनी ठिपके फुटले, पण त्यातही खांदे कळत होते. माणूस होता. चला, तिला वाटलं, एका फटक्यात सापडला! तिने लगबगीने मूळ फाईल उघडली. मूळ फाईलमध्ये सगळं सुईसारखं धारदार दिसतं. अडखळत अडखळत ती त्याच जागी आली.

तिथे कुणी नव्हतं. नुसतं गवत.

सारिकाने दोनदा पाहिलं. मग स्वतःलाच समजावलं, की अगं बाई, कॉपी हलकी करताना कॉम्प्युटर चित्रातला तपशील खातो, शेजारचे रंग एकमेकांत मिसळतो, त्यात कधी ढगाचं तोंड दिसतं, कधी झुडपाचा माणूस होतो. हे तिने शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. पटण्यासारखंच होतं ते. फक्त एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. हलक्या कॉपीत सगळं गवत वाऱ्याने लाटा मारत होतं आणि ती हिरवी रेघ क्लिप संपेपर्यंत जराही हलली नव्हती.

३

लोणावळ्याच्या आदिनाथकडे चांगला मॅक होता. रंगकामाला सारिका त्याच्याकडेच फाईली पाठवायची, आणि मॅक बरा की विंडोज यावर दोघांचं भांडण गेली कित्येक वर्षं चालू होतं. तिने मूळ क्लिप इंटरनेटवरून त्याला ढकलली आणि फोन लावला.

"तुझ्या भंगारात दिसत नाही म्हणून आली का माझ्या दारात?" आदिनाथ म्हणाला.

"जास्त बोलू नकोस. तुझ्याकडे चालेल अशी करून घे आणि नीट बघ. माणूस हरवलाय."

पलीकडे माऊसची टिकटिक झाली. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला तो साधा होता. "दिसतंय गं. बाई आहे. हिरवं पातळ. पाठमोरी उभी आहे, कारवीच्या तोंडाशी."

"कारवीच्या? अरे, खाली, गवताच्या काठाला बघ."

"गवतात कुणी नाही. मी सांगतोय ना, कारवीपाशी. आणि तू आवाज कशाला जोडलास याला?"

सारिका हसली. "ड्रोनला माईक नसतो रे. त्याच्या क्लिपला आवाजाची पट्टीच नसते. हे काय मी तुला शिकवू?"

"माहितीये मला," आदिनाथ म्हणाला. "म्हणून तर विचारतोय. पट्टी आहे. जवळजवळ सगळी सपाट आहे, मध्ये एकच उंचवटा. कुणीतरी हाक मारतंय. थांब, सगळीकडे चालेल अशी कॉपी काढून पाठवतो, तूच ऐक."

फाईल यायला वेळ लागत होता. खालचा गिरणीचा पट्टा बंद पडला होता. वीज गेली म्हणून नव्हे, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घुंघुं करत राहिला.

फाईल आली. सारिकाने उघडली. बाई कारवीच्या तोंडाशी नव्हती. ती रानाच्या मध्यावर, अजून वर होती, आणि तिची मान आता एका बाजूला कलली होती, काहीतरी कानोसा घेतल्यासारखी.

४

हेडफोन आधी सारिकाने लावला. शांतता, शांतता, आणि मग एका बाईचा आवाज: "कोंडू." एकदाच, मऊ, जेवायला बोलवावं तसा. तिने हेडफोन गंगीच्या कानावर ठेवला.

गंगीने ऐकलं. तिच्या हातातला कप कलंडला आणि चहा फरशीवर पसरला.

"ह्यो माजा आवाज हाय."

"मावशी, तुम्ही रविवारी..."

"ऐतवारी म्या पेठंत भात कापत व्हते. धा बाया व्हत्या संगं." गंगीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, जिवंत प्राणी ठेवावा तसा अलगद. "आन् ताई, म्या त्येंचं नाव घेत न्हाई. लगीन झाल्यापासनं एकदाबी घेतलं न्हाई. ह्यी कोन घेती माज्या आवाजात?"

सारिकाच्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगा, तिला त्या क्षणी कॉम्प्युटर बंद करून खाली बाजारात, माणसांत पळून जावंसं वाटलं. पण गंगीचा चेहरा बदलत होता. भीती होतीच, पण तिच्या पाठीमागून काहीतरी वर येत होतं.

"आमच्यात रानात कुनाला नावानं हाक मारत न्हाईत," ती भराभर बोलू लागली. "ऊऽऽ करून कूक द्येयची, न्हाईतर अमक्याचे बा, तमक्याची आय असं म्हनायचं. आन् रानात नावानं हाक आलीच, तर कुनाचाबी आवाज असू दे, ओ द्येयची न्हाई. धाकल्या पोराला बी ठावं असतंय." तिने सारिकाचं मनगट धरलं. "त्यी शहरातली पोरं भोंग्यावर काय पुकारत्यात? नाव! दोन दिस झालं नावच पुकारत्यात! जित्तं हाय माजं मानूस, ताई! जित्तं हाय म्हनून तर गप हाय!"

असा तर्क सारिकाच्या सात पिढ्यांना सुचला नसता. तिचे डोळे भरून आले.

५

आदिनाथकडून त्याच्या मॅकवरचं चित्र मागवून तिने तिन्ही कॉपी एकावर एक ठेवल्या. ड्रोन हललाच नव्हता, त्यामुळे डोंगर डोंगरावर चपखल बसला. वरच्या कॉपी पारदर्शक केल्या आणि तीन हिरव्या बायका एकाच चित्रात उभ्या राहिल्या: गवताच्या काठाला, कारवीच्या तोंडाशी, कारवीच्या मध्यावर. तिरक्या रेषेत, वर कातळाकडे.

"चालतीये ती," फोनवरून आदिनाथ म्हणाला. तिने पाठवलेलं चित्र त्याने पाहिलं होतं. "आपण कॉपी काढली की एक टप्पा पुढे जाते."

"म्हणजे आणखी एक काढली की आणखी वर ती."

"तेच. सारिका, आपण तिला वाट करून देतोय. मी हात जोडतो, आता कॉपी काढू नकोस."

सारिकाचंही तेच मत होतं. ती बाई कुठेतरी जात होती आणि त्या कुठेतरीच्या टोकाला कोंडू होता, मुकाट्याने पडलेला. आणखी एक कॉपी काढली तर ती पोचेल. न काढली तर एवढ्या अजस्र उतरणीवर तो कुठे आहे हे कळणार कसं? रेष कातळाकडे जात होती, पण कातळ काय हाताएवढा होता? शोधताना संध्याकाळ झाली असती, आणि अडकून पडलेल्या माणसाने अजून किती तग धरायचा? आयुष्यभर फॉरमॅट बदलण्याची फुशारकी मारलेल्या बाईचा हात माऊसवर थिजला.

"काडा," गंगी म्हणाली.

"मावशी, ती पुढे जाईल."

"जाऊ द्या. तिला ठावं हाय त्यो कुटं हाय. आपल्याला न्हाई." गंगीने नाक ओढलं. "पोचू दे तिला. नुसतं पोचून काय व्हतंय? ओ तर मिळाया पायजे."

सारिकाने बटण दाबलं. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी पुढे सरकू लागली तसा खोलीतला पंख्याचा घुंघुं आवाज बारीक बारीक होत गेला, आणि पट्टी भरली तेव्हा खोलीत कसलाच आवाज नव्हता. बाजाराचाही नाही. सारिकाने श्वास धरून फाईल उघडली.

बाई कातळाखाली उकिडवी बसली होती. शेजारी मधोमध चिरलेला मोठा धोंडा आणि एक वाकडं सावरीचं झाड. मान खाली घालून ती जमिनीत बघत होती, विहिरीत वाकून बघतात तशी.

"चिऱ्याचा धोंडा!" गंगी ओरडलीच. "तितं जुनं पान्याचं टाकं हाय म्हनत्यात, कातळात खोदल्यालं. गवतानं तोंड बुजलंय. उठा ताई, उठा!"

त्या ओरडण्याबरोबर बाजाराचा कलकलाट पुन्हा खिडकीतून आत आला.

६

सारिकाने गाडी अशी हाकली की पवनानगरपर्यंत गंगीने दारावरची कडी सोडली नाही. ऊन लख्ख होतं. दोन्ही बाजूंनी भात पिवळं पडलेलं, बांधाबांधावर कापणीची माणसं. गंगीने फोनवरून माऊलीला दोर आणि माणसं घेऊन यायला सांगितलं, आणि भोंगेवाल्यांना आधी गप कर म्हणून दम भरला.

आदिनाथचा फोन आला तेव्हा धरणाची भिंत दिसायला लागली होती.

"सारिका, मी हात लावला नाहीये. शपथ. माझ्या मॅकवर आपोआप एक्स्पोर्ट सुरू झालाय, नवी कॉपी निघतेय. त्याच क्लिपचा."

"बंद कर!"

"करतोय, होत नाही! अर्ध्याच्या पुढे गेलाय. बटण दाबून धरलं तरी स्क्रीन चालू आहे."

"आदी, वायर उपट!"

फोनमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग यूपीएसचा ठणाणा, मग आदिनाथची अस्सल लोणावळ्याची शिवी, मग आणखी एक दणका. आणि शांतता. 

"उपटली," तो धापा टाकत म्हणाला. "यूपीएससकट. भरत आली होती गं पट्टी. जराशी राहिली होती."

"शाब्बास रे माझ्या वाघा!" सारिका म्हणाली. मॅकवाल्याला ती असं काही म्हणेल हे त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. पुढच्या वळणावर फोनची रेंज गेली.

७

माऊली आणि वाडीतले काही गडी दोर घेऊन पायथ्याशी उभेच होते. भोंगा गप्प झाला होता. कारवी डोक्याच्या वर गेलेली, काठ्या अंगाला खरचटत होत्या. गंगी पुढे, तिच्या मागे सारिका. निम्मं रान ओलांडलं तसं सारिकाच्या लक्षात आलं, की रातकिडे थांबले आहेत. पाखरूही नाही. फक्त त्यांच्याच पायांखालचा पाचोळा वाजत होता.

चिरलेला धोंडा दिसला. शेजारी वाकडी सावर. गवत सगळीकडे सारखंच, टाक्याचं तोंड कुठे ते कळायला मार्ग नव्हता. एक पाऊल चुकलं तर आपणही आत. सगळे जागच्या जागी उभे राहिले.

"कोंडू."

आवाज गंगीचाच होता. पण गंगी सारिकाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. सारिकाने पाहिलं, अगदी नीट पाहिलं. प्रतिध्वनी असेल, असं तिचं डोकं म्हणालं. पण कशाचा, कुणी तोंडच उघडलं नव्हतं. माऊलीने दोर छातीशी धरला.

सारिकाने वर पाहिलं, नको होतं पाहायला. डाव्या बाजूच्या कारवीत हिरव्या पदराचा काठ होता. कारवी माणसाच्या डोक्यावरून जाणारी, आणि पदर तिच्याही वर होता. तिने चटकन मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

"कोंडू," पुन्हा. आता त्या मऊपणात घाई होती.

गंगीने पदर कमरेला खोचला. कारवीकडे तोंड करून खच्चून थुंकली.

"माजा आवाज घेतलास? घे, भवाने! पन माजा संसार कुटनं घेशील?" आणि मग तिने छातीभर वारा भरून घेतला. "अवो छकुलीचे बाऽऽ! कुटं तंगड्या पसरून पडलाय? वळचनीचं पाचट कोन घालनार, तुमचा आजा? कोंबडी मुंगसानं नेली! छकुली जेवंना झालीया, तिच्या तोंडात घास म्या कितीदा कोंबू? मध आनतो म्हनले, कुटं हाय मध? वाट बगून बगून माजं डोळं गेलं, हितं समदी वाडी कापनी सोडून हिंडतीया आन् तुमी..."

"कोंडू!" कारवीतून आलं, मोठ्याने. गंगी त्याहून मोठ्याने बोलत राहिली. त्या आवाजाला एवढंच येत होतं, एक नाव. गंगीकडे अख्ख्या आयुष्याची कुरकुर होती, आणि ती संपणारी नव्हती. शिव्यांचा नुसता पाऊस. सारिकाला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

आणि अगदी पायांशी, गवताच्या खालून, घोगरा, चिडका आवाज आला.

"आगं व्हय की! किती वरडतीस? पाय मोडलाय माजा, कान न्हाई!"

गंगीच्या शिव्या तिथेच थांबल्या. माऊलीने पालथं पडून गवत बाजूला सारलं. तोंड काळं, खोल, आणि तळाशी दोन डोळे. गडी ओरडले, दोर सुटला. सारिकाने कारवीकडे पाहिलं तेव्हा तिथे काठ्याच होत्या, आणि रातकिड्यांनी पुन्हा किरकिर धरली होती.

कोंडूला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ फुटले होते, पण डोळे हसत होते. पाझराचं पाणी चाटून त्याने दिवस काढले होते.

"भोंग्यावाल्यांना ओ का नाही दिलीत हो?" सारिकाने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"त्ये नाव घेत व्हते. आन् ही," त्याने कारवीकडे न बघता हनुवटी उडवली, "हीबी नाव घेत व्हती. सारखी, माज्या बायकूच्या आवाजात, लय मायेनं. पन म्या वळखलं. आमची असती तर आदी शिव्या दिल्या असत्या."

गंगीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हाताने त्याला जवळ घेतलं. माऊलीने तोंडाशी दोन्ही हात नेऊन डोंगरभर घुमेल अशी कूक दिली. खालून वाडीतून, पेठेच्या शेतांतून, कापणी सोडून उभ्या राहिलेल्या बायकांनी ती उचलली, आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जात ती पार धरणापर्यंत पोचली. सारिकानेही दिली, तिला जमेल तशी, घसा फाटेस्तोवर. नाव कुणीच घेतलं नाही.